अर्ध्या गोळीचा चुरा

“तूच कालवलंस काहीतरी तिच्या औषधात. बॅग भर आणि चालती हो.”

टेलर बायकोवर ओरडत होता, तेवढ्यात चष्मेवाली डिटेक्टिव्ह दुकानात शिरली. मागून तिचा जोडीदार भोपळ्या, धापा टाकत. त्यांना बायकोनंच बोलावलं होतं.

भानगड अशी. टेलर आणि त्याची बहीण जुळे. हृदय दोघांचंही दमलेलं, गोळी दोघांना एकच. त्याला अख्खी, तिला अर्धी. सकाळी कापड बेतता बेतता बहीण कोसळली. हॉस्पिटलवाले म्हणाले, ठोके फार मंदावलेत, औषध जास्त झालंय. गोळ्या काढून देते बायको. मग संशय जाणार कुणावर?

बायको रडलीबिडली नाही. म्हणाली, मी आत गोळ्या दोन वाट्यांत टाकते, वाट्या दुकानात ताई आणतात. वाट्या सारख्याच, सकाळपासून जिथल्या तिथे. एक शिलाई मशीनवर, एक बेतायच्या टेबलावर.

भोपळ्यानं मशीनवरची वाटी बघून नाक मुरडलं. “हिच्यात पांढरा चुरा आहे. टेबलावरची कशी लख्ख.”

चष्मेवालीनं टेलरला विचारलं, गोळी बघून घेता का? छे, तो म्हणाला, एक पाय मशीनवर असतो, टाकतो तोंडात. तिची नजर त्या पायावरच होती. घोटा सुजलेला, चपलेचा पट्टा सोडलेला. हल्ली परत दम लागतो म्हणे.

मग हॉस्पिटल. बहीण धड काही सांगेना. लहानपणी दूध त्याला पेलाभर, मला अर्धा पेला, दुकानाच्या पाटीवरही नाव त्याचं, एवढंच. वहिनीचा विषय निघाला की भिंतीकडे बघायची.

संध्याकाळी सगळे तिच्या खाटेभोवती जमले. डॉक्टरही होते.

“गोळी मोडली की चुरा पडतो,” चष्मेवाली म्हणाली. “अख्खीचा पडत नाही. मग चुरा भावाच्या वाटीत कसा?”

“वहिनीनं उलट्या ठेवल्या,” भोपळ्या म्हणाला.

“ती दुकानात वाट्या नेतच नाही. नेणारीनं बदलल्या. रोज. अर्धीवर भावाचे पाय सुजले, अख्खीनं ही आडवी झाली.”

बहीण या खेपेला भिंतीकडे वळली नाही. “वाटलं, इथंही मला अर्धंच,” ती म्हणाली. “वहिनीवर आळ येईल असं नव्हतं वाटलं.”

“आलं तेव्हा तरी कुठं बोललात, ताई?” बायको म्हणाली.

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. “अहो, तीच गोळी कित्येक बायकांच्या अंगात जास्त चढते. तुम्हाला अर्धीच पुरते, म्हणून अर्धी. मी नीट समजावलं होतं.”

“मला?” बहिणीनं विचारलं.

डॉक्टरांनी टेलरकडे पाहिलं.

“तू तर म्हणालास,” बहीण भावाला म्हणाली, “बाईमाणसाला अर्धी बास. आणि हसलास.”

टेलर खाली वाकला. चपलेचा पट्टा ओढून बघितला, लागेना. बायकोकडे त्यानं पाहिलंच नाही.

“दुकान उघडं टाकून आलोय,” तो म्हणाला. “मला आता निघायला हवं.”