शिकंजीनंतरचा पाव तास

उपकार करू पाहणाऱ्याच्या हातूनही कधी नकळत अपाय घडतो. आणि तेव्हा दोष कोणाच्या पदरी घालावा, हे जाणत्यांनाही सहज ठरवता येत नाही. दुसऱ्याचे व्यसन सोडवणाऱ्यांची अवस्था तर अधिकच नाजूक. त्यांच्या थकव्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

जयपूरच्या प्रताप नगरात निशिगंधाचे औषधांचे दुकान होते. उन्हातून येणाऱ्याच्या हाती आधी शिकंजीचा, म्हणजे लिंबाच्या सरबताचा, पेला द्यायचा आणि मग चिठ्ठी पाहायची, ही तिची रीत. ज्येष्ठातल्या एका दुपारी, रस्त्यावर होरपळवणाऱ्या वाऱ्याची लू वाहत असताना, एक तरुण दारात येऊन उभा राहिला. डोळ्यांखाली शिणवटा, सदरा घामाने चिकटलेला.

"आधी हे घ्या," ती म्हणाली. "मग बोला."

सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याचा गंध... त्याने डोळे मिटून घोट घेतला.

"कधीपासून खाता?" तिने हळुवारपणे विचारले.

"काय?"

"तंबाखू. लाजू नका. मतलब... इथे कोणी रागवत नाही."

तो हसला, बहुधा कित्येक दिवसांनी. "मी खात नाही. खाणाऱ्यांना सोडायला मदत करतो. मी गंधार, रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती कक्षातला समुपदेशक."

"म्हणजे गिऱ्हाइकं आणतात त्या चिठ्ठ्या तुमच्या? अक्षर फार वाईट आहे हां!"

"आणि तंबाखू सोडायला तुमच्याकडून निकोटिनचा गम नेलेले लोक म्हणतात, काही उपयोग होत नाही. इतर दुकानांबद्दल अशी तक्रार नाही. खरं तर मी भांडायला आलो होतो."

"मग भांडा ना."

"ताकद उरली नाही..." तो पेल्याकडे पाहत म्हणाला. "लोक सोडतात, पुन्हा धरतात. या महिन्याअखेरीस मीच हे काम सोडतोय."

निशिगंधाचे हसू मावळले. तिने आतल्या खुर्चीकडे पाहिले. तिथे तिचे वडील दिलीपराव बसले होते. विमा कार्यालयातून ते अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. उभ्या आयुष्याच्या तंबाखूने त्यांच्या गालात आतून पांढरा डाग पडला होता, आणि तंबाखू न सुटल्यास तो घातक ठरेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"माझ्या बाबांनाही गमचा उपयोग होत नाही," ती म्हणाली. "रोज मीच देते... तरी तंबाखूची डबी परत खिशात आली."

"काका, गम कसा घेता, दाखवता?" गंधारने विचारले.

दिलीपरावांनी हातातली शिकंजी संपवली, गम तोंडात टाकला, सावकाश चावला, तिखट चव येताच गालाशी ठेवून दिला. "हिने शिकवलंय. चुकलं का काही?"

गंधारची दृष्टी रिकाम्या पेल्यावर खिळली होती. "शिकंजी... सगळ्यांना देता? गमच्या आधी?"

"उन्हातून येतात बिचारे! चहा-कॉफी नको म्हणून मी सांगते. पण ही तर—"

"आंबट आहे. तोंडात आंबट असलं की गममधलं निकोटिन शोषलंच जात नाही नीट. मग तल्लफ कशी शमणार?"

तिने बाबांच्या हातून रिकामा पेला काढून घेतला. "म्हणजे मीच... बाबांना..."

"तुम्ही एकट्या नाही. गमच्या आधी काय पिता, हे मीही कधी कोणाला विचारलं नाही. नुसत्या चिठ्ठ्या पाठवल्या."

"वाईट अक्षरात," दिलीपराव म्हणाले. "आता रडारड पुरे. उपाय सांग."

"शिकंजीनंतर चूळ भरा, पाव तास थांबा. मग गम."

"आणि तो पाव तास माझा हात डबीकडे गेला तर?"

गंधारने स्टूल जवळ ओढले. "मी बसेन, काका. तुमच्याजवळ."

त्या दिवसापासून कक्षाचे काम संपले की तो येऊ लागला. निशिगंधाने दाराशी बाक टाकला आणि वर पाटी लावली: 'पहिले शिकंजी, मग पाव तास गप्पा, मग गम.' रिक्षावाले, शिंपी, निवृत्त सुभेदार असे तंबाखू सोडू पाहणारे सारे तिथे बसू लागले. कोणाला जमले, कोणी घसरले. दिलीपरावही एकदा घसरले, तेव्हा गंधारने त्यांना एवढेच विचारले, "कोणत्या वेळी अवघड गेलं?" दुसऱ्या दिवशी दिलीपरावांनी डबी स्वतःहून गल्ल्यावर आणून ठेवली. निशिगंधाने ती उचलली, आणि तिची नजर गंधारच्या नजरेला भिडली... दोघांनीही ती घाईने वळवली.

महिनाअखेर आली. त्या संध्याकाळी बाकावर कोणी नव्हते.

"बाबा तपासणीला गेलेत," ती म्हणाली. "मला येऊ नको म्हणाले." पेला देताना तिने दोनदा रस्त्याकडे पाहिले.

तो प्यायला, आणि बसून राहिला. रस्त्यावर दिवे लागले.

"झाला पाव तास," ती हळूच म्हणाली. "आणि तुम्हाला कशाला थांबायचं? तुम्ही कुठे गम खाता?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"लोकांना सांगतो, तल्लफ आली की थोडं थांबा, ओसरते..." त्याने मान वर केली. "माझी ओसरत नाही, निशिगंधा. दिवसभर या बाकाचीच आठवण येते. आणि बाकाची म्हणजे... बाकाची नाही."

ती लाजून पेले विसळू लागली. "पण तुम्ही तर... सोडून जाणार होतात. काम."

"थकलोय अजूनही. पण इथे बसून थकायला बरं वाटतं. कक्षात आज सांगून आलो की जात नाही म्हणून."

"मग पाटी बदलावी लागेल," ती पाठमोरीच म्हणाली. "पाव तास मला... कमी पडतो."

इतक्यात दिलीपराव रिक्षातून उतरले. तिने धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"लहान झालाय डाग," ते दमल्या आवाजात म्हणाले. "अजून लक्ष ठेवायला हवं, म्हणाले डॉक्टर." मग दोघांकडे पाहून, "काय रे, तुमचा पाव तास संपला नाही वाटतं?"

"नाही बाबा," निशिगंधा म्हणाली.

"बरं. मग बाकावर सरका जरा."

ज्यांचे सुटले त्यांचे सुटलेलेच राहो. ज्यांचे सुटले नाही त्यांना त्या बाकावर जागा मिळो. आणि दुसऱ्यांसाठी थांबता थांबता एकमेकांना लाभलेल्या या दोन थकल्या जीवांना सायंकाळची सावली सदैव शीतल असो.