घासून लख्ख केलेला चाकू

वाऱ्यानं चाकू घडवायच्या भट्टीच्या दाराला असा दणका दिला, की बाहेरचा माणूस थेट बोनारियाच्या अंगावरच येऊन आदळला.

"वाऱ्यानं ढकललं हो..." तो कानापर्यंत लाल झाला.

"वाऱ्याला बरोब्बर दिशा कळली म्हणायची!" ती फटकन बोलून गेली, आणि मग स्वतःच लाजली.

त्याचं नाव बाकीस. आजोबांचा चाकू घेऊन आला होता. मेंढ्याच्या शिंगाच्या मुठीत मिटणारा, पात्यावर तानेद्दू उस्तादांची छाप. उस्तादांना जाऊन तीस वर्षं झाली. त्यांच्या हातचा चाकू म्हणजे शौकिनांच्या लेखी सोन्याहून पक्की गुंतवणूक. पण किंमत लिहून द्यायला अख्ख्या पट्टादा गावात माणूस एकच – उस्तादांचा चेला कोझिमो, म्हणजे बोनारियाचे बाबा. आणि ते नेमके आठ दिवस बहिणीकडे गेलेले.

"ठेवून जातो," तो म्हणाला. "विकला गेला तर चीजच्या कारखान्यात भागी घेईन, गावातच राहीन. नाहीतर एक तारखेला समुद्रापलीकडे, तुरिनला नोकरी."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. तिसऱ्याही दिवशी.

"आज काय काढलंत?"

"चाकू बरा आहे का बघायला आलो."

"त्याला काय ताप आलाय?"

"त्याला नाही..." तो अडखळला. तिनं उगाचच भाता हलवला.

प्रेमात अक्कल गहाण पडते, ते काही खोटं नाही. किमतीचं शास्त्र बाबांचं. बोनारियाला कळायची ती धार. आपल्या घरात त्याचा चाकू असा काळाकुट्ट पडावा, हे तिला बघवेना. आठव्या सकाळी तिनं तो राखेनं खसाखसा घासला, धार लावली, तेल लावलं. आरशासारखा झाला!

बाकीसनं तो बघितला आणि मटकन खाली बसला.

"हे... हे काय केलंस?"

"चमकवला! का?"

"अगं, तो काळा थर चाळीस वर्षांचा होता! शौकीन त्याचेच तर पैसे मोजतात. धार न लावलेला, हात न लागलेला..."

"म्हणजे किंमत निम्मी?"

"निम्मी आली तरी नशीब."

बोनारियाच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याला गावात ठेवून घ्यायचं, त्यालाच तिनं आपल्या हातानं तुरिनच्या बोटीत बसवलं होतं.

तेवढ्यात बाबा आले. दोघांचे चेहरे बघितले, चाकू उचलून खिडकीशी नेला, भिंग लावलं.

"छाप पुसट झालीये."

"मीच घासली, बाबा..." तिला रडू फुटलं.

"घणाखाली ठोकलेली छाप घासून जात नाही, पोरी. ही तेजाबानं उमटवलेली. खरा शिक्का उस्तादांच्या खिशात असायचा ना, माझ्या हाती कुठून लागणार?" त्यांनी पातं मिटलं. "हा चाकू त्यांचा नाहीच. माझा आहे."

"बाबा!"

"एकोणीस वर्षांचा होतो. तुझ्या आईला मागणी घालताना रीतीप्रमाणं सोन्याची बटणं द्यायची होती, आणि माझ्या नावाच्या चाकूला कुत्रंही विचारत नव्हतं. उस्तादांचा म्हणून ह्याच्या आजोबांच्या गळ्यात मारला."

बोनारियाला हे पटेना. ज्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून हजारो युरो टाकतात, ते आपले बाबा?

कोझिमो बाकीसकडे वळले. "नुकसान तुझं झालंय. छाप पुन्हा उमटवतो, काळा थरही चढवतो, उस्तादांचाच म्हणून कागद लिहून देतो. कुणालाही कळणार नाही. बोल, लिहू?"

एक 'हो', आणि तो गावात राहणार होता. बोनारियानं श्वास रोखला. हो म्हण, असं तिला वाटलं... आणि वाटल्याची लाजही वाटली.

"नको, काका," बाकीस हळूच म्हणाला. "असल्या कागदावर इथं राहिलो, तर रोज हिच्या डोळ्यांत कसा बघू?"

रोज चाकूच्या नावानं येणारा हा माणूस मनातलं सगळं एका दमात बोलून मोकळा झाला होता.

"मग मी येते," बोनारिया म्हणाली.

"कुठं?" दोघं एकदमच ओरडले.

"तुरिनला."

"अगं, शेजारच्या ओझिएरीच्या बाजारापलीकडे कधी गेली नाहीस तू!" बाबांच्या हातातलं भिंग खाली पडलं.

"हो ना! मलाच धक्का बसलाय, बाबा," ती म्हणाली आणि तिनं बाकीसचा हात घट्ट धरला. "पण बोललेय ते बोललेय."