बसणाऱ्यांनी बसून घ्या

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीमागे दशरथचं गॅरेज होतं, आणि भूतखेत म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. गाडीत भूत नसतं, गाडीत गंज असतो, हे तो येईल त्याला ऐकवायचा. त्यामुळे त्या दुपारी भुताची म्हणून गाजलेली मंजुळाची फियाट डावीकडे कलून आत आली, तेव्हा तो मनातून खूशच झाला.

मंजुळा वेसाव्याची कोळीण. मासळीच्या पाट्या गाडीत घालून ती स्वतः अंधेरीच्या बाजारात न्यायची. गाडी तिला नवऱ्यानं, भिकाजीनं शिकवली होती, डावीकडच्या सीटवर बसून. गेल्या साली भिकाजीची होडी दर्यात गेली ती परतलीच नाही. त्यानंतर गाडी डावीकडे दबायला लागली.

तिच्या दिराला, चंदूला निमित्तच हवं होतं. दादा सीट सोडत नाही, बाईनं ती गाडी चालवू नये, चावी माझ्याकडे द्यावी, असं त्यानं कोळीवाडाभर करून ठेवलं. आज तोही आला होता, पण गाडीतून नाही, बसनं.

"बार बदलून गाडी सीधी नाय झाली तर चावी तुझी," मंजुळा त्याला म्हणाली. "पंचांसमोर बोललंय मी. झाली, तर परत तोंड उघडायचं नाय."

"बारच गेलो हा, बाय. दुसरा काय नाय," दशरथ म्हणाला.

बार म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारी वाकवलेली दांडी. एक बाजू दबली की दुसरीला धरून गाडी सावरते. दशरथनं गाडीखालच्या खड्ड्यात उतरून ती काढली आणि फरशीवर ठेवून पाहिली. कुठेच डुगडुगली नाही, म्हणजे बार शाबूत होता. स्प्रिंगही दोन्हीकडच्या ठणठणीत होत्या. त्याला हे मुळीच आवडलं नाही. पण माकडाच्या हाती कोलीत कशाला द्या, म्हणून त्यानं दांडी गुपचूप बाकाखाली सरकवली.

नवा बार चढला. शेवटचे बोल्ट मात्र गाडीत रोजची माणसं बसवूनच आवळायचे, नाहीतर आतलं रबर पिळवटतं, ही त्याच्या उस्तादाची शिकवण. दशरथनं सवयीनं खालूनच हाक दिली.

"बसणाऱ्यांनी बसून घ्या."

उजवं दार वाजलं. मंजुळाच्या वजनानं गाडी उजवीकडे जराशी दबली. त्यानं त्या बाजूचा बोल्ट आवळला.

मग गाडी डावीकडे दबली. दार वाजलं नव्हतं.

चंदू बसला असेल, असं म्हणत दशरथ वर आला. चंदू दूर फाटकापाशी उभा होता.

डाव्या सीटच्या रेक्झिनला खोल खळगा पडला होता. खाऱ्या पाण्याचा वास येत होता.

चंदू जवळ आला, पण दारापासून हातभर लांबच थांबला. त्यानं तळवा पुढे केला. "चावी, वयनी."

मंजुळानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती शेजारच्या सीटकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खाली आला नाही.

"शिकवत होतास तवर बसलास. आता मना चालवाया येतंय. हितं माझी पाटी राहील. मागं बस."

काहीच झालं नाही. मग खळगा हळूहळू भरून आला. गाडीची डावी बाजू वर उचलली, आणि मागचा भाग तेवढाच खाली बसला.

दशरथ खड्ड्यात उतरला. राहिलेला बोल्ट त्यानं त्याच वजनाखाली आवळला.

"झाली सीधी?" मंजुळानं विचारलं.

"झाली," दशरथ म्हणाला. ते खोटं नव्हतं.

चंदूचा हात खाली आला आणि तो फाटकाकडे चालू लागला. मंजुळानं गाडी सुरू केली, फाटकाशी नेली आणि काच खाली घेतली.

"उन्हात बसची वाट कशाला बघतो, चंदू? ये की. मागं जागा हाय."

मागच्या सीटच्या मधोमध पडलेला खळगा एका बाजूला सरकला.