प्रेमला काय म्हणाली?

टँकर आला की उदगीरच्या त्या गल्लीत माणुसकी घटकाभर रजेवर जायची. एरवी एकमेकींच्या पोरांना खेळवणाऱ्या बायका घागरी घेऊन एकमेकींवर तुटून पडायच्या. शिवकांताने आपल्या फोटो स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं, घागरी दारात मांडल्या आणि पाइपाचं तोंड घट्ट पकडलं. नेमका त्याच वेळी एक तरुण गर्दीतून वाट काढत तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"ओ, लाईन तिकडून हाय!"

"मला पाणी नको. सरकारी अर्जाचा फोटो काढायचाय."

"आत्ता?" तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखा आनंद. "टँकर आल्याला दिसंना का तुम्हाला? धरा हे."

त्याने मुकाट्याने पाइप धरला. धरला तो नेमका फाटक्या जागी... आणि पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर उडाली! अख्खी गल्ली हळहळली. त्याच्यासाठी नव्हे, पाण्यासाठी. नळाला शेवटचं पाणी दसऱ्याला आलं होतं की दिवाळीला, यावरून जिथे भांडणं व्हायची, तिथे हा पठ्ठ्या भर चौकात अंघोळ करून बसला होता.

शिवकांताला हसू आवरेना. तो नखशिखांत भिजून तिच्याकडे बघत होता. मग तोही हसायला लागला.

"आता बेस झालं," ती म्हणाली. "कपाळ धुतलं गेलं. भस्म लावून सरकारी फोटो काढता येत न्हाई."

असा त्यांचा परिचय झाला. तो बसवंत, मोंढ्यातल्या मडिवाळप्पा आडत्यांचा थोरला. अमेरिकेत इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होता, तेही पाणी अडवण्या-जिरवण्याचं. नाताळच्या सुट्टीत घरी आला होता.

"पाण्याचं शिकायला तिकडं गेलाव?" पांढरा पडदा सरळ करत तिने विचारलं. "इथं शिकायला पाणीच न्हाई म्हणून?"

"इथं शिकवायला कोण हाय? टँकरवाला?"

"मी हाय की. पाइप कसा धरायचा ते आजच शिकवलं."

फोटो लागायचा होता दोन इंच बाय दोन इंच. मे महिन्यात त्याची डिग्री पूर्ण होणार होती. त्यानंतर तिथे वर्षभर नोकरी करायची तर आधी परवानगी काढावी लागते. ओपीटी म्हणतात तिला. अर्ज डिग्रीच्या आधीपासून करता येतो, पण तिथे हजर असतानाच करायचा. नाही केला, तर सामान बांधा आणि घरी या.

"मग फोटो तिकडंच काढायचा ना," शिवकांता म्हणाली.

"तिकडं..." तो अडखळला. "तिकडं फोटो चांगला येत न्हाई माझा."

त्या वर्षी दुष्काळाने लग्नं पुढे ढकलली होती. स्टुडिओत माशा मारायची वेळ आली होती. शिवकांताचे वडील गुरुबसप्पा धंदा मुलीवर सोपवून दिवसभर जिल्हा मागणी समितीच्या बैठका झोडत होते. उदगीर जिल्हा होणार यावर त्यांचा इतका विश्वास, की नवी पाटी रंगवताना त्यांनी 'नीलम्मा फोटो स्टुडिओ' या नावाखाली 'ता. उदगीर, जि. उदगीर' असंच लिहून घेतलं होतं. "जिल्हा लातूर हाय की अजून, अप्पा," असं कुणी म्हणालं की ते शांतपणे सांगायचे, "हुतोय. आपण तयारीत ऱ्हावं."

आता अशा रिकाम्या स्टुडिओत एखादा हसरा मुलगा आला, तर मुलीचं लक्ष पाटीवर राहील की त्याच्यावर? त्या रात्री... पण नको, तिला एवढ्यात चिडवायला नको.

दोन दिवसांनी तो परत आला.

"फोटो परत काढावा लागतोय. प्रेमला म्हणाली, कानामागं सावली दिसायलीय."

शिवकांताचा हात कॅमेऱ्यावरच थांबला. "कोण प्रेमला?"

"माझ्या वर्गात हाय. नांदेडची. आजीचं नाव ठेवलंय तिला, म्हणून जुनं वाटतंय. अर्जाचं सगळं तिलाच ठाऊक. तीपण सुट्टीत आलीय."

"अच्छा." तिने त्याची हनुवटी एरवीपेक्षा जरा जोरात वर केली. "ताठ बसा. प्रेमलाला सावली दिसंल."

त्यानंतर प्रेमलाचं म्हणणं रोजच ऐकू येऊ लागलं. प्रेमला म्हणाली, डोळे मिटल्यासारखे वाटतात. प्रेमला म्हणाली, ओठ हसतायत. शिवकांताने त्या ओठांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. ही कोण बया? हिला दुसरा उद्योग नाही? एका माणसाचे कान, डोळे, ओठ इतक्या बारकाईने बघायचे म्हणजे... शिवकांता जळत होती. चक्क जळत होती! आणि आपण जळतोय हे कळल्यामुळे आणखी जळत होती.

एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "परवानगी मिळाली हे कळतं कसं?"

"कार्ड येतंय टपालानं. पण मे महिन्यात मी खोली सोडणार. पत्ता बदलला की ते कार्ड नव्या पत्त्यावर धाडत न्हाईत, सरळ परत जातंय. म्हणून प्रेमलाचा पत्ता देणार हाय अर्जावर. तिची खोली पक्की हाय."

"म्हणजे... तिच्या दारावर तुमचं नाव?"

"पेटीवर. टपालाच्या पेटीवर."

"एकच की."

तिच्या डोळ्यांपुढे ते दार आलं. त्यावर दोन नावं, शेजारी शेजारी. लग्नपत्रिकेवर असतात तशी. तिने त्या दिवशी त्याला चहा विचारला नाही. तो थोडा वेळ रेंगाळला, पाटीकडे बघत राहिला आणि गेला.

पुढच्या खेपेला मात्र तिने ठरवून दगा केला. दिवा आपल्या पाठीशी ठेवला आणि अशी उभी राहिली, की तिच्या वेणीची लांब सावली बसवंतच्या खांद्याशेजारी पांढऱ्या पडद्यावर पडली. बघू दे त्या नांदेडवालीला! कानामागची सावली दिसते ना, मग ही दिसतेय का बघ म्हणावं. बिघडलेला फोटो तिने हसत हसत त्याच्या हातात दिला.

त्याने तो बराच वेळ पाहिला.

दुसऱ्या दिवशी आला तो खुशीत. "हा फोटो एकदम फक्कड, म्हणाली प्रेमला. आता दुसरा नको."

इतका बिघडलेला फोटो फक्कड? म्हणजे ती इतकी आंधळी झालीय त्याच्यापायी! आणि आता फोटो पसंत पडला, म्हणजे हा पुन्हा या दारात कशाला येईल?

"येळवसला आमच्या शेतात या," तो निघताना म्हणाला. "अप्पांना घेऊन. मग पुढच्या आठवड्यात मी निघणार."

वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसला, उदगीर रिकामं होतं. ज्याचं शेत आहे तो शेतात जातो, ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो आणि उपाशी कुणीच परत येत नाही. त्या वर्षी ज्वारी गुडघ्यालाही लागली नव्हती. पूजेची झोपडी म्हणजे कोप करायला मडिवाळप्पांनी कडबा विकत आणला होता. पण कोपीत पूजा मांडली होती, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी शिजली होती आणि मडक्यात आंबील गार होत होती.

आणि कोपीच्या दारात, जीन्सवर ओढणी कमरेला खोचून, एक गोरीशी मुलगी पाहुण्यांना आंबील वाढत होती.

"ही प्रेमला," बसवंत म्हणाला. "नांदेडहून आलीय. येळवस बघायची होती तिला."

सगळी दुनिया सोडून हिला हीच येळवस बघायची होती! अर्धापूरच्या केळ्यांचा भला मोठा घड तिने आणला होता आणि बसवंतची आई तिला 'बाळा, बाळा' करत होती. शिवकांताने आंबिलीचा एक घोट घेतला. इतकी आंबट कधी झाली नव्हती.

जेवणं झाल्यावर प्रेमलाच तिच्याजवळ येऊन बसली. "तुम्हीच स्टुडिओवाल्या ना?"

"हाव. तुमच्या पसंतीला फोटो उतरला एकदाचा. लई नखरे तुमचे."

"माझे? कुठले फोटो?"

"ते अर्जाचे! कानामागं सावली, डोळे मिटलेले, ओठ हसतायत..."

प्रेमला तिच्याकडे बघतच राहिली. मग खो खो हसायला लागली. "अहो, मी एकही फोटो तपासलेला नाही. या अर्जाला महिन्याभरातलाच फोटो चालतो. तो अर्ज करणार फेब्रुवारीच्या शेवटी. त्याने इथे फोटो काढला म्हणून फोनवर सांगितलं, त्याच दिवशी म्हटलं होतं मी, तो तिकडे गेल्यावर काढ म्हणून."

शिवकांताने हातातला आंबिलीचा पेला खाली ठेवला.

"एक फोटो मात्र पाहिला," प्रेमलाचं हसू थोडं उतरलं. "तो दाखवत नव्हता, नांदेडला आमच्याकडे आला होता, तेव्हा पाकीट उघडताना दिसला. शेजारी वेणीची सावली आहे. मी म्हटलं, हा बिघडलाय, फेकून दे. तर पाकीट खिशात घातलं त्याने." ती कोपीच्या कडब्याची एक काडी ओढत राहिली. "खरं सांगू? नाताळच्या आधी मी त्याला विचारलं होतं... आपलं दोघांचं जमेल का म्हणून. विचार करून सांगतो म्हणाला. परवा फोनवर नाही म्हणाला. म्हणून आले. म्हटलं, बघावी तरी ती वेणी."

आता शिवकांताला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. हेवा मात्र अजूनही वाटत होता, कारण ही पोरगी विचारू शकली होती आणि आपल्याला साधा चहाही नीट विचारता आला नव्हता.

दिवस कलला. शेताभोवती आंबील शिंपडत फेरी निघाली. पुढे मडिवाळप्पा आणि गुरुबसप्पा, जिल्ह्याच्या गप्पा रंगवत. आंबिलीचं मडकं बसवंतच्या हातात होतं आणि तो मुद्दाम मागे रेंगाळत होता. शिवकांताने त्याला बांधावर गाठलं.

"प्रेमला काय म्हणाली, सांगू?" ती म्हणाली.

त्याच्या हातातलं मडकं हिंदकळलं. "...काय?"

"खोटारडे! इतक्या खेपा! आणि मी हिकडं रोज जळत हुते..."

"जळत हुतीस?" त्याचा चेहरा असा उजळला, की तिला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. "खरंच? मला वाटलं, तुला माझ्याबद्दल काहीच वाटत न्हाई. म्हणून प्रेमलाचं नाव सांगत गेलो. बघावं म्हटलं, चिडतीस का."

"आणि चहा दिला न्हाई, तेव्हा कळलं न्हाई?"

"मला वाटलं, पाणी नसंल."

शिवकांता हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. वाळल्या जमिनीवर त्या दोघांच्या सावल्या लांब पडल्या होत्या.

"शिवकांता," तो हळूच म्हणाला, "तू म्हणशील तर अर्ज करत न्हाई. मे महिन्यात सरळ घरी येतो."

हेच तर तिला हवं होतं. गेले कित्येक दिवस हेच हवं होतं. पण समोर गुडघ्याला न लागलेली ज्वारी होती आणि त्या टँकरपुढे भांडणाऱ्या बायका तिला आठवल्या.

"अर्ज करायचा," ती म्हणाली. "पाण्याचं काम शिकायलाव, तर नीट हाताला येऊ दे. वर्षभर नोकरी करायची. कार्ड येऊ दे प्रेमलाच्या पत्त्यावर. माझी हरकत न्हाई. म्हणजे... हाय, पण सोसंन मी." तिने श्वास घेतला. "तू मात्र माझ्या पत्त्यावर ये."

ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती. तो जागच्या जागी थांबला.

"पाटीवरच्या?" त्याने विचारलं. "जिल्हा उदगीर? तसा जिल्हाच न्हाई अजून."

"हुतोय," ती थेट अप्पांच्या आवाजात म्हणाली. "आपण तयारीत ऱ्हावं."

पुढून मडिवाळप्पांची हाक आली, "आरं, मडकं कुठंय?" कोपीच्या दारातून प्रेमलानेही हात हलवत काहीतरी ओरडून सांगितलं. वाऱ्यात ते नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणाली प्रेमला?" बसवंतने विचारलं.

"काहीबी म्हणू दे," शिवकांता म्हणाली, आणि तिने मडक्याचा दुसरा काठ धरला.