पापुद्र्याची पाठ

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. एका मोठ्या शहरात, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर एक थिएटर उभं आहे. बघताक्षणी वाटावं, वाट चुकून एखादं जहाजच इथे येऊन थांबलंय. कोपरा टोकदार नाही, गोल वळवलेला. वर गोल खिडक्या. दर्शनी भिंत पायऱ्या-पायऱ्यांनी आभाळाकडे चढत गेलेली, आणि दारावर सिमेंटचा अर्धा सूर्य. त्याचे किरण पट्टीने आखावेत तसे सरळ. शंभर एक वर्षांपूर्वी लोकांना वेगाचं भारी वेड लागलं होतं. मोटारी, आगगाड्या, जहाजं... मग घरं बांधणाऱ्यांना वाटलं, इमारत जागची हलत नाही हे खरं, पण हलतेय असं वाटायला काय हरकत आहे? त्या धाटणीला आर्ट डेको म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल.

आता आत या. बाहेरच्या उन्हातून आल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. आपल्या गोष्टीतली बाईसुद्धा अशीच चाचपडत आत आली, एका हातात भाचीचा हात आणि दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी घेऊन. तिचा धंदा खुर्च्यांचा. जुन्या खुर्च्या उसवायच्या, आतला काथ्या बदलायचा, स्प्रिंगा बांधायच्या, नवं कापड ताणून खिळे मारायचे. ह्या थिएटरची दुरुस्ती निघाली होती आणि सहाशे खुर्च्या तिच्या हाताखालून जाणार होत्या. बरोबरची भाची तिच्या भावाची मुलगी, वय वर्षं सात. तिला घरी सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी पाच मिनिटं बसली तर अंगात ताप आहे का ते बघावं लागे.

"भिंतीला टेकू नका," वरून आवाज आला.

तिने मान वर केली. परांचीवर एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. कपाळाला छोटा दिवा, हातात बारीक पातं.

"मी टेकलेली नाही," ती म्हणाली.

"टेकणार होतात."

"वरून मनातलंही दिसतं वाटतं तुम्हाला."

"मनातलं नाही दिसत. रंगातलं दिसतं थोडंफार."

"आत्या, हे काका भिंत का खरवडतायत?" भिंगरीने विचारलं.

तो खाली वाकला. "ह्या भिंतीने एकावर एक आठ सदरे घातलेत. सगळ्यात आतला, पहिल्या दिवशीचा सदरा कोणत्या रंगाचा होता, ते शोधतोय."

भिंगरीने भिंतीकडे कीव करत पाहिलं. "मग तिला उकडत असेल."

"म्हणूनच तर काढतोय."

आत्या हसली नाही. निदान तिला तसं वाटलं. ती पहिल्या रांगेत गेली, गुडघ्यांवर बसून एका खुर्चीखाली डोकं घालून बघू लागली. पदर खोचलेला, केसांत काथ्याचा एक धागा... वर पात्याचा किर्र किर्र आवाज मध्येच थांबे, मग पुन्हा चालू होई. तासाभराने तो खाली उतरला आणि म्हणाला, "सापडला. राखाडी."

भिंतीवर त्याने तळहाताएवढी चौकट खरवडली होती. एकेक थर जिन्याच्या पायऱ्यांसारखा उघडा. पिवळा, गुलाबी, पुन्हा पिवळा, तपकिरी... आणि सगळ्यांत तळाशी करडा, थंड राखाडी.

"एवढ्या तालेवार थिएटरला राखेचा रंग?"

"भिंत खोटं बोलत नाही, बाई."

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. शाळेला सुट्टी, त्यामुळे भिंगरीही. दोघांची कामं दोन टोकांची, पण दुपारचा डबा तिघं एकाच ठिकाणी, मंचाच्या कडेवर पाय सोडून खात. ती त्याला खरवडेसाहेब म्हणे. तो तिला खुर्चीबाई.

भांडायला विषय एकच. एका खुर्चीच्या दुमडीत तिला मूळ कापडाची चिंधी सापडली होती. तांब्याच्या नव्या भांड्यासारखी झळझळीत. ती चिंधी ती रोज त्या राखाडी चौकटीशेजारी धरी आणि रोज नाक मुरडे.

"तुमचा रंग माझ्या खुर्च्यांचा जीव घेतोय."

"तुमच्या खुर्च्यांनी जरा जुळवून घ्यावं."

"माझ्या खुर्च्या कुणापुढे वाकत नाहीत. त्यांच्यावर लोक बसतात तरीही."

तो हसे, पण रंगाच्या बाबतीत तसूभर हलत नसे. तेरा वर्षं तो हेच काम करत होता. चर्चा व्हायच्या, वाद व्हायचे, शेवटी लोक त्याचं ऐकत, कारण त्याचा रंग कधी चुकला नव्हता. हे तो फुशारकीने सांगत नसे. कुणी आपली उंची सांगावी तसं सांगे.

दर रविवारी सकाळी लोकांना थिएटर दाखवत. भिंतीपुढे उभं राहून तोच सांगे, आणि चौकटीवर बोट ठेवून म्हणे, "हा इथला खरा रंग." भिंगरी प्रत्येक वेळी सगळ्यांत पुढे.

एका बुधवारी ती स्प्रिंगा बांधत असताना तो शेजारी येऊन बसला.

"सोमवारपासून रंगारी लावतील. भिंती रंगल्या की माझं इथलं काम संपलं," तो म्हणाला. "मग पुढच्या गावाला... एक जुनं नाट्यगृह आहे. जावं लागेल. म्हणजे... जायलाच हवं असं काही नाही. कुणी... थांब म्हटलं तर..."

तिने मान वर केली नाही. सुतळीला गाठ मारली, मग त्याच गाठीवर आणखी एक. तिच्याकडे माणसं मोडक्या खुर्च्या घेऊन येत आणि धड झालेल्या घेऊन जात. कुणी स्वतःच थांबायचं विचारतंय, ह्याची तिला सवय नव्हती.

"सुतळी संपली," ती म्हणाली आणि उठून गेली. रीळ अर्धंअधिक शिल्लक होतं. ते त्यानेही पाहिलं.

आता नीट ऐका, कारण इथून गोष्ट भिंगरीच्या हातात जाते. भिंत खरवडताना रंगाचे पापुद्रे खाली पडतात. वाळक्या पानांसारखे, हलके. भिंगरी पहिल्या दिवसापासून ते बिस्किटांच्या डब्यात जमवत होती. शुक्रवारी संध्याकाळी घरी तिने त्यांचं चित्र केलं. कागदावर डिंक लावून एकेक चिकटवला आणि आत्याला दाखवायला आणला.

आत्या बघतच राहिली. कागदावर पाणी होतं. उथळ, उन्हातलं, हिरव्या आणि निळ्याच्या मधलं पाणी.

"हा रंग कुठून आणलास?"

"पापुद्र्यांचा आहे. मी ते उलटे चिकटवलेत," भिंगरी म्हणाली. "पुढून नुसते पिवळे-तपकिरी दिसतात. छान बाजू मागेच आहे."

आत्याने पिशवीतून चिंधी काढून त्या पाण्याशेजारी धरली. तांबूस कापड असं उजळलं की तिने ते पुन्हा एकदा धरून पाहिलं. तिला कळलं. पहिला रंग अगदी पातळ होता. वरच्या जाड रंगाला तो चिकटून बसला होता आणि पातं फिरलं तेव्हा त्याच्याबरोबरच निघून आला. भिंतीवर उरलं ते फक्त अस्तर. राखाडी हा रंग नव्हताच. रंगाखालचं अस्तर होतं.

तिने चित्र मांडीवर ठेवलं. न सांगताही राहता आलं असतं. सोमवारी भिंती राखाडी झाल्या असत्या, कुणाला कळलं नसतं, आणि तो कदाचित थांबला असता. सांगितलं, तर ज्या एका गोष्टीचा त्याला भरवसा होता तीच ती त्याच्या हातून काढून घेणार. आणि आपली चूक दाखवणाऱ्या माणसाजवळ कोण थांबतं? पण शंभर वर्षांचं एक थिएटर चुकीच्या रंगात कायमचं बुडवायचं, आणि तेही ह्या माणसाच्या नावाने... रोज त्या भिंतींमध्ये त्याच्याकडे बघून हसायचं... ते तिला जमणार नव्हतं.

शनिवारी सकाळी तिने चित्र त्याच्यापुढे ठेवलं.

"हे पापुद्रे उलटे आहेत," एवढंच म्हणाली.

त्याने खिशातलं भिंग काढलं. एक पापुद्रा पाहिला. दुसरा पाहिला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. परांचीवर चढून त्याने नवीन जागी पातं लावलं, निघालेला पापुद्रा तळहातावर उलटा केला आणि दिवा त्याच्यावर धरला. ती खालून बघत होती.

तो उतरला. "व्यवस्थापकांना सांगायला हवं," म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. दुपारी डबा खायलाही आला नाही.

रविवारी तिला जायचंच नव्हतं.

"आत्या, चल. मला भिंत बघायचीय."

"रोज तर बघतेस."

"आज तिचा सदरा बदललाय," भिंगरी म्हणाली आणि चपला घालून दारात उभी राहिली. मग काय करणार?

त्या दिवशी पाहुणे वीस तरी असतील. आत्या खांबाआड राहिली. तो भिंतीपुढे उभा होता. डोळ्यांखाली जागरण, पण सदरा इस्त्रीचा.

"गेले तीन रविवार मी इथे उभा राहून सांगितलं की ह्या थिएटरचा मूळ रंग राखाडी," तो म्हणाला. "ते चूक होतं. सोमवारचं रंगकाम थांबवलंय. खरा रंग हा." त्याने हातातला पापुद्रा उलटा करून सगळ्यांपुढे धरला. "तो ह्या लहान मुलीने शोधला. मी नाही."

वीस माना भिंगरीकडे वळल्या. ती छत बघू लागली.

एका आजोबांनी विचारलं, "पण तुमच्यासारख्या जाणकाराकडून अशी चूक झालीच कशी?"

त्याने खांबाकडे पाहिलं. खांबाआडचा पदर त्याला केव्हाच दिसला होता.

"पापुद्र्याची पाठ बघायची, हे ह्या कामातलं पहिलं पाऊल," तो म्हणाला. "नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. तेरा वर्षांत ते कधी राहिलं नाही. पण ही चौकट खरवडत होतो त्या दिवशी... खाली पहिल्या रांगेत कुणीतरी खुर्चीखाली डोकं घालून बसलं होतं. केसांत काथ्याचा धागा होता. माझं लक्ष... भिंतीवर नव्हतं."

आजोबांनी चष्मा काढून पुसला.

आत्या खांबाआडून बाहेर आली. कानांपर्यंत लाल झाली होती, पण चालली सरळ.

"काल तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," ती हळूच म्हणाली.

"लाज वाटत होती. तुमची नाही... माझीच. तुम्ही न सांगताही राहू शकला असतात."

"विचार केला होता तसा."

"मग सांगितलंत का?"

"चुकीच्या रंगात तुमच्याशी हसणं जमलं नसतं म्हणून." तिने श्वास घेतला. "आणि ते बुधवारी विचारलंत त्याचं... सुतळी संपली नव्हती."

"माहीत आहे."

"तुम्ही थांबू नका. पुढच्या नाट्यगृहाला जा. फक्त एकटे जाऊ नका. तुमच्या मागे पापुद्रे उलटे करून बघायला माणूस लागतं. आणि नाट्यगृह म्हटलं की खुर्च्या आल्याच."

"त्या माझ्या रंगाशी जुळवून घेतील?"

"रंग बरोबर असला तर घेतील."

तो हसला. ती हसली. मग दोघंही नुसतीच उभी राहिली. गोल खिडकीतून आलेला उजेड फरशीवर सरकत होता, आणि वीस माणसं आपल्याभोवती ताटकळली आहेत, ह्याचा त्या दोघांना पार विसर पडला होता.

भिंगरीने आधी आत्याकडे पाहिलं, मग काकांकडे. थोडी वाट पाहिली. दोघंही अजून एकमेकांकडेच बघत होती. तेव्हा तिने फ्रॉक झटकला, घसा खाकरला, आणि त्या वीस मोठ्या माणसांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "आता वर बाल्कनी आहे. पायऱ्या जपून चढा, आणि भिंतीला कुणी टेकू नका."

आणि ती सगळ्यांना घेऊन वर गेली.