उलट बाजू मांडा!

पेपर एकच उरला होता, आणि त्यावर हात दोन पडले होते.

"सोडा की," तारामती म्हणाली.

"तुम्ही सोडा. मला कामाचा आहे."

"आणि मला काय वांगी गुंडाळायला हवाय?"

हैदराबादेत नारायणगुड्याच्या चौकातलं, छप्पन सालच्या चैत्राचं ऊन. डोक्यावर पदर घेऊनही कपाळ भाजत होतं. समोरचा माणूस उंच, सावळा, कोटाच्या बाहीला खडूचा पांढरा डाग... आणि हसू असं ओठातल्या ओठात दाबलेलं, की तिला आणखीच राग आला. पेपरवाले चाचा कंटाळून म्हणाले, "एकीच है बीबी, लड़ो नक्को. आधा-आधा कर लेव."

"पहिलं पान माझं," तारामतीने जाहीर केलं.

"आणि मला काय, बाजारभाव?"

"कामाला येतील!" म्हणत तिने पहिलं पान ओढून घेतलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणजे, एकदाच पाहिलं. तो तिथेच उभा होता.

त्याच संध्याकाळी बरकतपुऱ्यात, शिंप्याच्या दुकानावरच्या माडीत, कायद्याच्या वर्गाचा तिचा पहिला दिवस. राज्यघटना शिकवायला नवे वकील येणार होते, एकनाथराव शेळके, मूळचे परभणीचे. सर आत आले. हातात पेपर, पहिल्या पानाशिवाय! तारामतीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आजची मोठी बातमी मिस जगदाळे सांगतील," हजेरी घेऊन झाल्यावर सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "माझ्याकडे फक्त बाजारभाव आहेत."

आता या माणसाची शिकवायची तऱ्हाच न्यारी. सकाळची बातमी फळ्यावर लिहायची. ती घटनेच्या कुठल्या कलमात बसते ते पोरांनी शोधायचं. आणि शेवटी खरी गंमत, ज्याचं मन ज्या बाजूला, त्याने नेमकी उलट बाजू मांडायची. "आपल्या बाजूचा वकील कुणीही होतो," सर म्हणत. "मांडा उलट बाजू!"

बातमी साधी नव्हती. राज्य पुनर्रचनेचं विधेयक दिल्लीहून हैदराबादच्या विधानसभेकडे मत मागवायला आलं होतं. मराठवाडा मुंबईकडे, तेलंगणा आंध्राकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे. तारामतीचे वडील हिम्मतराव सचिवालयात अधिकारी. राज्य फुटलं की त्यांची बदली मुंबईला होणार हे घरात सगळे धरून चालले होते. आणि तिचा तर जन्मच इथला. तिला हे शहर सोडायचं नव्हतं.

"मिस जगदाळे, तुम्ही विधेयकाच्या बाजूने बोला."

ती उठली आणि बोलली. आपल्या भाषेत कारभार हवा, आपल्या भाषेत शाळा हव्यात, सगळं बोलली. मग न राहवून म्हणाली, "पण सर... ज्याचे तुकडे पडणार, त्याची संमती नको?"

"कलम तीन. मत मागवायचं. संमती लागत नाही."

"आणि मत दिलंच नाही तर?"

"मुदत उलटली की काम पुढे."

"मग विचारायचं तरी कशाला? पोरीचं लग्न ठरवून झाल्यावर पोरीला विचारतात, तसं?"

माडी हसली. सर हसले नाहीत. खडू बोटांत फिरवत राहिले. "याचं उत्तर... माझ्याकडे नाही, मिस जगदाळे."

त्या 'नाही'वर ती भाळली. उत्तर नसताना नाही म्हणणारा पुरुष तिने तोवर पाहिलाच नव्हता.

मग उन्हाळा गेला, पावसाळा गेला. रोज भांडण, रोज उलट बाजू. वर्ग सुटला की जिन्यात दोन मिनिटं रेंगाळणं. "आज जिंकलात तुम्ही." "तुम्ही जिंकू दिलंत." "मी? छे! मी वकील आहे." एवढंच. याच्यापुढे दोघंही एक पायरी उतरली नाहीत. मागच्या बाकावरचा वेंकट रेड्डी मात्र एकदा म्हणालाच, "क्या तारामती, सर कू घूर के देखती, और नोट्स मेरे उतारती!"

ऑगस्ट संपता संपता कायदा झाला. हिम्मतरावांचं नाव मुंबईकडे लागलं. दसरा उरकला आणि घरात गोण्या, सुतळ्या, पितळेची भांडी यांचा पसारा पडला. नामपल्ली स्टेशनातून गाडी गुरुवारी, एक नोव्हेंबरला, नवी राज्यं होणार त्याच दिवशी. एकनाथराव वकील, सरकारी नोकर नाहीत, म्हणजे ते इथेच राहणार. शेवटच्या वर्गाला तारामती जिन्यात बराच वेळ थांबली. सर आले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि "प्रवास सुखाचा होवो" म्हणून निघून गेले! त्या रात्री तिने उशीत डोकं खुपसून त्यांना भित्रा म्हटलं, दगड म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं.

आणि रविवारी सकाळी हा दगड कडक इस्त्रीचा कोट घालून घरी हजर!

तारामती स्वयंपाकघरात. दाराआड आई, सुशीलाबाई, कान टवकारून. बाहेर एकनाथराव सरळ मुद्द्यावर आले होते. "मला तुमच्या मुलीचा हात मागायचा आहे."

तारामतीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"पोरगी परराज्यात द्यायची?" हिम्मतराव म्हणाले. गंमत बघा, ज्या गावात ती जन्मली तेच गाव गुरुवारपासून परराज्य! "तुम्ही म्हणे पोरांना उलट बाजू मांडायला लावता. मग मांडा माझी. ही मुलगी तुम्हाला का देऊ नये?"

तारामती पातेल्यासकट दाराशी सरकली.

"माझी वकिली अजून रांगतेय," एकनाथराव सावकाश बोलू लागले. "भाड्याची एक खोली आहे. ती आजारी पडली तर आई लांब. सणावाराला माहेर नाही. इथे मराठी माणूस उद्या आणखी कमी होईल. आणि मी... पुस्तकात डोकं घातलं की जेवण विसरतो. बाप म्हणून मी असल्याला मुलगी दिली नसती."

हिम्मतराव मग मोठ्याने हसले. "स्वतःविरुद्ध इतकं खरं बोलणारा माणूस सचिवालयात मला एक भेटला नाही! तुळशीचं लग्न लागलं की यांचं लावू. तारे, तुझं मत काय गं?"

"तिला काय विचारायचं?" सुशीलाबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "मौन म्हणजे संमती."

खरं तर तारामतीने लाजून पळायचं. पण तिचे कान तापले होते. पातेलं ठेवून ती तशीच बाहेर आली.

"दादा, मत विचारताय, की संमती?" तिने वडिलांना विचारलं. मग ती एकनाथरावांकडे वळली. "आणि तुम्ही? सहा महिने कलम तीन शिकवलंत आणि माझ्याआधी दादांना विचारलंत? जिन्यात तोंडाला कुलूप, आणि इथे माझा निकाल लावून मोकळे?"

एकनाथरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे नाही म्हणायचंय तुला?" हिम्मतरावांचा आवाज चढला.

"नाही म्हणता येत असेल, तरच माझ्या 'हो'ला किंमत आहे, दादा."

एकनाथराव उठले. "हिम्मतराव, मी माझा प्रस्ताव मागे घेतो."

झालं! गुरुवारची गाडी, रिकामा जिना, सगळं डोळ्यांपुढे आलं. कशाला बोललीस बाई, कशाला...

पण तो दाराकडे गेला नाही. तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "तारामती, चुकलो मी. भीती वाटत होती. तुम्ही नाही म्हणाल याची. बापाचा नकार सोसला असता, तुमचा नसता सोसला... आता तुम्हालाच विचारतो. माझ्याशी लग्न कराल? मुदत नाही. नाही म्हणालात, तर गुरुवारी नामपल्लीला तुमचं सामान मीच गाडीत चढवीन."

तिचे डोळे भरून आले. पण अशी सुटका? छे!

"आधी मला उलट बाजू मांडू द्या," ती म्हणाली. "नियम आहे."

"मांडा."

"एक तर... तुम्ही भित्रे आहात."

"खरं आहे."

"दुसरं, लोकांचे पेपर हिसकावता."

"अर्धाच."

"आणि तिसरं... तिसरं म्हणजे..." तिने खूप शोधलं. गोण्यांकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, त्याच्या बाहीवरच्या खडूच्या डागाकडे पाहिलं. एवढ्या इस्त्रीतूनही तो गेला नव्हता.

"तिसरा मुद्दा सुचत नाही," ती पुटपुटली.

"मग?"

"मग काय... हरले."

सुशीलाबाई आत पळाल्या, बहुतेक साखर शोधायला. हिम्मतराव उगाच एका गोणीची सुतळी आवळू लागले.

"पण रोज पेपरचं पहिलं पान मी आधी वाचणार," तारामती म्हणाली.

"माझं मत विचारताय?" एकनाथरावांनी हळूच विचारलं.

"छे," ती डोळे पुसत हसली. "कळवतेय."