जड साचा

वर्ला हॅगर्टीने नवरा निवडायला घेतला नव्हता एवढा वेळ ती बंदुकीच्या गोळ्यांचा साचा निवडायला घेते, असं तिचा धाकटा भाऊ ऑरिन खोरंभर सांगत फिरे. त्यात खोटं काही नव्हतं. नवरा दोन हिवाळे टिकला. वडिलांचा लोखंडी साचा चाळीस वर्षं झाली तरी शब्दाला जागत होता.

पण त्या सप्टेंबरात ऑरिनला तो साचा नको होता. दर वर्षी तो खेचरं घेऊन वर डोंगरात शिकाऱ्यांचा तळ सांभाळायला जाई आणि बर्फ साचू लागलं की खाली उतरे. यंदा तळाजवळच्या ओढ्याला एक थोराड, रुपेरी टोकांच्या तपकिरी केसांचं ग्रिझली अस्वल फिरत होतं आणि ते माणसाला बिचकत नव्हतं.

"ताई, बाबांची गोळी म्हणजे त्याला गुदगुल्या," ऑरिन म्हणाला. "मला जड हवी. हाड फोडून आत जाणारी."

"जड गोळी झाडशील आणि मनगट धरून रडत येशील."

"रडत का होईना, येईन तर खरा!"

वर्ला हसली, पण ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. आई गेली तेव्हा ऑरिन जेमतेम चालायला लागला होता. त्याला तिनेच वाढवलं. तिचं म्हणावं असं जगात तेवढंच एक माणूस उरलं होतं.

तिने आधी त्याच्या रिव्हॉल्वरच्या नळीचं माप घेतलं. मऊ शिशाचा गोळा नळीत घातला आणि लाकडी काठीने ठोकत ठोकत पलीकडून काढला. गोळी त्या मापाहून केसभर जाड हवी, नाहीतर नळीला आतून शिसं माखतं. गोळ्यावर नळीच्या आतल्या पिळदार खाचांचे सहा चर उमटले होते, सगळे डावीकडे वळणारे. त्यातल्या एका चराच्या कडेने बारीक ओरखडा गेला होता. ऑरिनने पोरवयात हे रिव्हॉल्वर खडकावर पाडलं होतं, तेव्हा नळीच्या तोंडाला टवका उडाला, त्याची ही खूण. तो गोळा तिने शेडच्या खिडकीत ठेवून दिला.

साचा मिळाला जत्रेच्या मैदानावरच्या जुन्या बाजारात. ॲल्युमिनियमचे दोन-तीन तिने हातात घेऊन खाली ठेवले; लवकर तापतात आणि लवकर झिजतात. मग टेबलाच्या टोकाला एक लोखंडी दिसला. तिने दोन्ही पाकळ्या मिटून उजेडाकडे धरल्या. फटीतून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. आतली घरं लांब आणि रुंद तोंडाची होती, ऑरिनला हवी तशीच जड गोळी पाडणारी.

"वाईट आहे का काही याच्यात?" तिने विचारलं.

विकणाऱ्या म्हाताऱ्याने टोपी मागे सरकवली. "गोळ्या उत्तम पडतात म्हणतात सगळे."

"मग विकायला का?"

"सगळे परत आणून देतात, बाई. का, ते मी विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने शेडमध्ये शेगडी पेटवली. शिसं वितळलं, मेणाचा तुकडा टाकून तिने वरचा मळ काढला. पळीने साचा भरायचा, दांडक्याने वरची पट्टी ठोकून सरकवायची, पाकळ्या उघडायच्या, गोळी जुन्या टॉवेलवर पाडायची. साचा गार असताना पडलेल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, त्या परत भांड्यात गेल्या. मग साचा तापला आणि गोळ्या लखलखीत पडू लागल्या. अशा वेळी वर्लाला गुणगुणायची सवय होती. शेडमध्ये ऊन होतं, मेणाचा वास होता, बाहेर ऑरिन खेचराला शिव्या देत नाल ठोकत होता.

एक गोळी टॉवेलवर घरंगळली आणि तिचं गुणगुणणं थांबलं.

गोळीच्या अंगावर चर होते. पिळाचे, डावीकडे वळणारे.

असे चर गोळीला साच्यात पडत नसतात. ते पडतात नळीतून सुटताना. तिने साचा उघडून उजेडात धरला; आतून तो आरशासारखा गुळगुळीत होता. तिने ती गोळी भांड्यात टाकली, वितळलेली डोळ्यांनी पाहिली आणि पुन्हा ओतायला घेतलं. थोड्या वेळाने ती पुन्हा पडली. मग तशीच आणखी एक. ऊन कलेपर्यंत साध्या गोळ्यांचा ढीग झाला आणि बाजूला तशा पाच.

तिने खिडकीतला गोळा आणून शेजारी ठेवला. पाचांवरही तसेच सहा चर. एका कडेला तोच ओरखडा.

"ऑरिन, इकडे ये."

त्याने एकेक गोळी बोटांत फिरवून पाहिली. "जुन्या झाडलेल्या मिसळल्या असतील."

"या साच्यातून आजवर आपण एक तरी झाडली आहे का?"

तो नखाने ओरखडा चाचपत राहिला. "माझ्याच नळीतून गेल्यात या."

"गेल्या नाहीत अजून," वर्ला म्हणाली.

बाहेर खेचर फुरफुरलं. दोघंही दचकली.

"पाचच आहेत," ती म्हणाली. चुकून बार उडू नये म्हणून रिव्हॉल्वरच्या चापाच्या घोड्याखालचं सहावं घर रिकामं ठेवायचं, ही बाबांची शिस्त. ऑरिन पाचच भरत असे. "पाचही झाडाव्या लागल्या, म्हणजे चारांत भागलं नाही. आणि पाचवीनंतर हातात काय उरतं?"

"अगं, शिसं आहे ते. अस्वलासमोर उभा राहणार मी, आणि घाम तुला!"

"या साच्यातली एकही गोळी तू नेणार नाहीस."

"तुझी भीती लादायला माझ्याकडे जादा खेचर नाही, ताई."

पण तिचा चेहरा पाहून तो विरघळला. तिच्या शब्दाबाहेर तो कधी गेलाच नव्हता. "बरं बाई, बाबांचा साचा तर बाबांचा साचा. तू झोप तरी नीट."

तिने रात्र व्हायच्या आत बाबांच्या साच्यातल्या हलक्या गोळ्यांची काडतुसं भरून दिली. जड गोळ्यांचा ढीग वितळवून टाकला. त्या पाच वितळवायला मात्र तिचा हात धजेना. वितळवल्या तरी पुन्हा पडतील, याची तिला खात्री होती. कॉफीच्या रिकाम्या डब्यात घालून तिने झाकण गच्च बसवलं आणि डबा वरच्या फळीवर सारला. ऑरिन सकाळी निघाला तेव्हा ती फाटकापर्यंत गेली. आपण त्याला वाचवलं, असं तिला मनापासून वाटलं.

उतारावरची लार्चची झाडं पिवळी झाली, मग झडली.

पहिल्या बर्फात जंगलखात्याचा माणूस आला. त्याने टोपी काढली तेव्हाच तिला कळलं. त्याने कापडात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं.

"पाचही झाडल्या होत्या त्याने," तो म्हणाला. "अस्वल नंतर आम्ही मारलं. पाचही खांद्यात, अगदी जागेवर लागलेल्या."

"मग?"

"मांसातच राहिल्या. हाडापलीकडे एकही गेली नाही." तो टोपीची कड चाळवत राहिला. "जरा जड असत्या, तर…"

त्याने टोपी डोक्यावर चढवली.

तो गेल्यावर वर्ला शेडमध्ये गेली. डबा फळीवर होता. झाकण तसंच गच्च.

तिने डबा खाली घेतला.

नखं मोडेपर्यंत झाकण ओढलं.

आत पाच गोळ्या होत्या. पाचही तोंडाशी चपटलेल्या, हाड फोडून आत गेल्यासारख्या. त्यांना तपकिरी केस चिकटले होते, टोकाला रुपेरी.

तिने एक उचलली. ती अजून कोमट होती.